कोयनेची वीज आणि न जुळणारे हाड

श्रोतेहो, पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याची हलकी लाथ पाठीत घालून घ्यायची, ही रीत आपल्या सातारा-सांगलीकडे कोणाला ठाऊक नाही? पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी आले तो. त्याच्या पायाच्या स्पर्शाने उसण निघते अशी समजूत आहे, आणि गंमत अशी की पुष्कळदा ती निघतेही. ज्याला काल वाकता येत नव्हते तो दोन-तीन दिवसांनी मोट हाकायला, म्हणजे आजच्या भाषेत मोटर चालू करायला, विहिरीवर हजर! ती लाथेने निघते की कशाने, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. त्याकडे आपल्याला परत यावयाचेच आहे.

आज बोलायचे आहे ते दुखण्यावरच्या दुसऱ्या एका उपायाविषयी. तो दिसायला अगदी नव्या काळातला आहे. तारेचे एक वेटोळे असते. त्यातून विजेचा प्रवाह सलग न सोडता ठोक्याठोक्याने सोडतात. प्रत्येक ठोक्याबरोबर वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उगवते आणि मावळते. दुखरा गुडघा किंवा मोडलेला पाय त्या वेटोळ्यात ठेवायचा. ना सुई, ना चटका, ना कडू औषध. शास्त्रीय भाषेत याला स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्राचा उपचार म्हणतात. नाव एवढे लांब आहे की उच्चारतानाच निम्मे दुखणे विसरावे. कंबर, मान, गुडघा, मोडलेले हाड, सगळ्यांवर हा चालतो असे विकणारे सांगतात. यंत्रे येतात, पट्टे येतात, गाद्या येतात, आणि ऊस बिलाचे पैसे हातात आले की त्यांची जाहिरातही आपल्या हातात येते.

मी इतिहासाचा अध्यापक आहे, डॉक्टर नव्हे. तुमच्या गुडघ्याला काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु या उपचाराला चांगला दोन-अडीचशे वर्षांचा पूर्वेतिहास आहे, आणि त्यात कोणता दावा कोणत्या कसोटीवर टिकला आणि कोणता गळून पडला हे नीट नोंदलेले आहे. ते सांगणे माझ्या धंद्यात बसते.

आधी आपल्या घरचे पाहू. हाड मोडले, सांधा निखळला, की आपल्याकडे पहिली धाव हाडवैद्याकडे. तालमीतला वस्ताद हाही अर्धा हाडवैद्यच असतो. ज्या लाल मातीतून कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन कांस्यपदक घेऊन आले, त्या मातीत खांदा निखळणे आणि तो परत बसवणे ही नित्याची गोष्ट. बोटांनी चाचपून सांधा जागेवर आणण्याची या लोकांची हातोटी खरोखर मोठी. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मोडलेल्या हाडाची गोष्ट वेगळी आहे. बांबूच्या कांबी आवळून बांधल्या आणि त्या फार आवळल्या गेल्या, तर खालचा रक्तपुरवठा तुटतो, पाय काळा पडतो, आणि जे हाड बरे व्हावयाचे तो पायच कापावा लागतो. हेही आपल्या भागात घडलेले आहे. आणि त्याहून जास्त वेळा घडते ते असे, की कांबी सोडल्या तरी आतले हाड जुळलेलेच नसते. माणूस काठी टेकत चालतो, आणि मोडलेल्या जागी पाय मधूनच लवतो, जणू तेथे नवा सांधा फुटला आहे. हे 'न जुळलेले हाड' लक्षात ठेवा. आजच्या कथेचा खरा नायक तोच आहे.

विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर १८८९ साली हिंदुस्थानात आले. सांगलीत सुरुवात करून ते मिरजेला गेले आणि १८९४ साली तेथे त्यांचे इस्पितळ उभे राहिले. मिरजेचे नाव दूरवर गेले ते गाण्यामुळे आणि तंबोऱ्यांमुळे, तसेच या इस्पितळामुळेही. पुढे १९२८ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया करता येते, आणि रोगी कापला जात असताना ओरडत नाही, हे आपल्या बापजाद्यांनी पाहिले ते अशा ठिकाणी. क्लोरोफॉर्मचा गुण सिद्ध करायला भाषण लागत नव्हते. माणूस झोपला की नाही हे दारात उभ्या असलेल्या नातेवाइकालाही दिसत असे. दुखण्यावरच्या बहुतेक उपायांचे मात्र असे नसते. दुखणे दिसत नाही, ते सांगावे लागते. आणि सांगणारा माणूस आशेवर जगत असतो.

चुंबकाचा उपचार नेमका याच अडचणीत पुन्हा पुन्हा सापडला.

चुंबक आपल्याला नवा नाही. सुश्रुताच्या ग्रंथात शरीरात रुतलेले शल्य काढण्याच्या पंधरा उपायांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, सांगितलेला आहे. लोखंडी बाणाचे टोक मोकळे असेल तर ते चुंबकाने ओढून घ्यावे. किती साधे आणि किती रोखठोक! लोखंड आले तर आले, नाही तर नाही. येथे समजुतीला वाव नाही.

युरोपात अठराव्या शतकात निराळेच प्रकरण सुरू झाले. फ्रान्झ मेस्मर नावाचा एक वैद्य आरंभी रोग्यांच्या अंगाला लोहचुंबक लावीत असे. पुढे तो म्हणू लागला की लोखंडाच्या चुंबकाचीही गरज नाही. प्राणिमात्राच्या ठायीच एक चुंबकशक्ती आहे, आणि ती माझ्या हातातून रोग्याच्या अंगात जाते. पॅरिसमध्ये त्याच्याकडे रीघ लागली. रोगी थरथरत, मूर्च्छित होत आणि बरे झालो म्हणत. अखेर १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए होते, आणि अमेरिकेचे वकील म्हणून त्या वेळी तेथे राहणारे बेंजामिन फ्रँकलिन होते, ज्यांनी आकाशातली वीज ही विजेचाच प्रकार आहे हे दाखवून दिले होते ते. त्यांनी युक्ती केली. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका झाडात मेस्मरच्या शिष्याला ती शक्ती भरायला सांगितली. मग एका बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधून त्याला एकेका झाडाला मिठी मारायला लावले. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. शक्ती भरलेले झाड ते नव्हतेच!

डोळे बांधण्याची ही युक्ती मला तोफेच्या शोधाहून मोठी वाटते. तिच्यामुळे रोग्याला खोटे ठरवावे लागत नाही. मुलगा खरोखरच पडला होता. प्रश्न एवढाच होता की तो कशाने पडला.

पुढची हकीकत आणखी रंजक. एलिशा पर्किन्स नावाच्या अमेरिकन वैद्याने १७९६ साली धातूच्या दोन टोकदार कांड्यांचा हक्क सरकारदरबारी नोंदवून घेतला. दुखऱ्या भागावरून त्या फिरवल्या की वेदना देणारी वीज ओढून काढली जाते, असा त्याचा दावा. कांड्या धडाधड खपल्या आणि इंग्लंडातही पोचल्या. तेथे बाथ गावी जॉन हेगार्थ या डॉक्टराने १७९९ साली तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या बनवून घेतल्या, आणि जुन्या संधिवाताच्या पाच रोग्यांवर त्या फिरवल्या. पाचांपैकी चौघांनी आराम पडल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी खऱ्या धातूच्या कांड्या फिरवल्या. फळ तेच.

आता आपल्या पायाळू माणसाकडे या. उसण ही बहुतेक वेळा चार-सहा दिवसांत आपोआप उतरणारी गोष्ट आहे. लाथ घालून घेतली ती सहसा दुखणे शिगेला पोचल्यावर, म्हणजे ते उतरणीला लागायच्या बेतात असताना. त्यात चार माणसे जमतात, हसतात, अंग सैल पडते, आता बरे वाटणार असा भरवसा येतो. एवढ्यावर आराम पडतो, आणि तो खोटा नसतो. परंतु त्याचे श्रेय पायाळूपणाला द्यायचे की नाही, हे ठरवायचे तर एका रोग्याला पायाळूची आणि दुसऱ्याला साध्या माणसाची लाथ, कोणाची ते न सांगता, घालावी लागेल. आपल्याकडे हा प्रयोग कोणी केलेला माझ्या तरी ऐकिवात नाही. हेगार्थने मात्र तो केला.

येथवर वीज आणि चुंबक ही नुसती भारदस्त नावे होती. त्यांचा शरीराशी खरा संबंध जोडता येईल असे ज्ञान हाती आले ते १८३१ साली. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पोरवयात पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करीत असताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. आपल्या खेड्यातल्या शिक्षकांनी मुलांना मुद्दाम सांगावा असा हा माणूस. त्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात त्याने तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबकाची कांडी सरकन आत घातली, तेव्हा तारेत वीज वाहिली. कांडी आत तशीच ठेवली, तर काही नाही. बाहेर ओढली, की पुन्हा वाहिली, पण उलट दिशेने. म्हणजे वीज उत्पन्न करतो तो चुंबक नव्हे, चुंबकीय क्षेत्रातला बदल.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे अशी माझी विनंती आहे. पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आपल्या जिल्ह्यात या तत्त्वाचे केवढे प्रचंड रूप उभे आहे ते पाहा. पाटण तालुक्यात कोयना अडवली. शिवाजीसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला कोकणच्या बाजूला पोफळीस खाली सोडले. तेथे डोंगराच्या आत कोरलेल्या वीजघरात ते चक्रे फिरवते, चक्रांबरोबर मोठाले विद्युतचुंबक फिरतात, आणि भोवतीच्या तारांच्या वेटोळ्यांत वीज जन्मते. १९६२ साली ही वीज पहिल्यांदा निघाली. फॅरडेने हाताने सरकवलेली कांडी आणि कोयनेचे फिरते चुंबक यांत तत्त्वाचा तिळमात्र फरक नाही. तुमच्या विहिरीवरची मोटर, ज्वारी दळणारी गिरणी, आणि हे भाषण ऐकवणारा रेडिओ, सगळे त्याच घराण्यातले.

आता हेच तत्त्व शरीराला लावा. वेटोळ्यात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण केले, आणि जवळ तारेऐवजी माणसाचा पाय ठेवला. शरीरात क्षारयुक्त पाणी आहे, त्यातून वीज वाहू शकते. तेव्हा कातडीला न टेकता, प्लास्टरच्या बाहेरूनसुद्धा, आत अतिशय मंद असा प्रवाह उत्पन्न करता येईल. एवढा मंद की तो जाणवणार नाही आणि त्याने अंग तापणार नाही. दवाखान्यात 'शेक' म्हणून देतात ती लघुलहरींची डायथर्मी हा निराळा प्रकार आहे. तिच्या लहरी आपल्या रेडिओच्या लघुलहरींच्या भाऊबंद. त्या मांस आतून तापवतात. वेटोळ्याचा उपचार तापवीत नाही. मग तो करतो काय?

याचे उत्तर हाडाकडून आले. ज्या हाडावर भार पडतो ते हाड त्या भाराप्रमाणे घडते आणि बळावते, हे १८९२ साली यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने मांडले होते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणाऱ्या हमालाला हे वोल्फने सांगावे लागत नाही. पण हाडाला कळते कसे, की भार कोठे पडला? १९५७ साली फुकादा आणि यासुदा या दोघा जपान्यांनी दाखवले की सुक्या हाडावर दाब दिला तर त्यात विजेचा भार उत्पन्न होतो. आणि १९६२ साली बॅसेट आणि बेकर या अमेरिकनांनी हाड वाकवून पाहिले, तेव्हा दबणाऱ्या बाजूला ऋण भार आढळला. नवे हाड धरते तेही याच बाजूला. वीज हा हाडाला मिळणारा निरोप असावा, अशी कल्पना पुढे आली.

१९६२ हे साल पाहिलेत? त्याच वर्षी कोयनेची वीज निघाली, त्याच वर्षी मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत हाडातल्या विजेचा हा निबंध छापून आला. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. योगायोग तो योगायोग; इतिहासाच्या माणसाने त्यावर फार भाळू नये. पण पाच वर्षांनी कोयनेनेच मोडलेल्या हाडांचा प्रश्न आपल्या दारात आणून टाकला.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, लोक झोपेत असताना, कोयनानगरच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. भिंतीखाली सापडलेल्या माणसाला काय होते ते सांगायला नको. पाय चिरडतो, नडगी मोडते, कातडी फाटून हाड बाहेर येते. नडगीच्या पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नाहीच, रक्तपुरवठा बेताचा. म्हणून न जुळण्याबद्दल नडगीचे हाड बदनाम आहे. त्या काळी असे हाड अडून बसले तर डॉक्टरांपाशी दोनच मार्ग होते: महिनोन्महिने प्लास्टर, नाही तर कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तेथे बसवणे. तिसरा मार्ग अजून प्रयोगशाळेत होता.

तो तेथून बाहेर आला तो न्यूयॉर्कचे अँड्र्यू बॅसेट यांच्या हातून, म्हणजे आताच ज्यांचे नाव आले त्यांच्याच. त्यांनी आधी कुत्र्यांच्या मोडलेल्या हाडांवर वेटोळी लावून पाहिली, आणि १९७४ साली फळे प्रसिद्ध केली. पुढे माणसांवर उपचार झाले. महिनोन्महिने अडलेली हाडे जुळू लागल्याचे वृत्त आले, आणि १९७९ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने न जुळणाऱ्या हाडासाठी या उपकरणाला मान्यता दिली. मान्यता कशासाठी होती, हे शब्द धरून वाचा: न जुळणाऱ्या हाडासाठी. कंबरेसाठी नव्हे, थकव्यासाठी नव्हे, रक्तशुद्धीसाठी तर नव्हेच.

पण बॅसेट यांच्या रोग्यांत डोळे कोणाचे बांधले होते? कोणाचेच नाही. ही शंका इंग्लंडातल्या शेफिल्ड गावच्या लोकांना आली. अँथनी बार्कर आणि अस्थिशल्यवैद्य शॅरार्ड यांनी न जुळणाऱ्या नडगीचे रोगी घेतले. काहींना चालू यंत्र दिले, काहींना हुबेहूब तसेच, पण आतून मुके. कोणाकडे कोणते, हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. हेगार्थच्या लाकडी कांड्याच म्हणा ना! १९८४ साली पहिली फळे जाहीर झाली. चालू यंत्राच्या नऊपैकी पाच जणांचे हाड चोवीस आठवड्यांत जुळले. आणि मुक्या यंत्राच्या सातांपैकी पाच जणांचे.

म्हणजे मुके यंत्रच सरस की काय? तसे नव्हे, सोळा माणसांवरून एवढे बोलता येत नाही. पण मुक्या यंत्रवाल्यांचे हाड कशाने जुळले, याचा विचार करा. त्या सर्वांना प्लास्टर नीट घातलेले होते, पायावर भार टाकू दिला नव्हता, रोज बारा-बारा तास यंत्राशी जखडून बसवले होते, आणि डॉक्टर वेळोवेळी पाहात होते. जे हाड आधी अडले होते ते या सक्तीच्या विसाव्याने सुटले असावे, असा अर्थ निघतो. आता आपल्याकडे कोयता घेऊन उसाच्या फडात उतरणाऱ्या माणसाचा पाय मोडला तर? त्याची मजुरी टनावर. महिन्याभरात तो प्लास्टर कापून काढतो आणि मोळी डोक्यावर घेतो. दोष त्याचा नाही, चुलीचा आहे. पण अशा पायाला लाखाचे यंत्र लावले तरी हाड काय जुळणार?

शेफिल्डची कथा तेथे संपली नाही. शॅरार्ड यांनी १९९० साली दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी जुळायला उशीर लागलेल्या नडगीचे पंचेचाळीस रोगी होते आणि यंत्र बारा आठवडे, रोज बारा तास. चालू यंत्राच्या वीसपैकी पाच जणांचे हाड जुळले आणि आणखी पाचांचे जुळण्याच्या मार्गाला लागले. मुक्या यंत्राच्या पंचवीसपैकी एकाचे जुळले आणि एकाचे मार्गाला लागले. येथे फरक स्पष्ट आहे आणि तो यंत्राच्या बाजूने आहे. ज्या गावाने यंत्रावर शंका घेतली त्याच गावाने यंत्राला सर्वांत चांगली साक्ष दिली. मला हे शास्त्रज्ञ आवडतात ते एवढ्याचसाठी.

यानंतरची साक्ष मिश्र आहे. ऑस्ट्रेलियात नडगीच्या ताज्या मोडीवर दोनशे एकोणसाठ रोगी घेऊन प्रयोग झाला. त्याची फळे २०११ साली आली. ताज्या मोडीला वेटोळे लावल्याने पुढची शस्त्रक्रिया टळते असे दिसले नाही. त्याच वर्षी कॉक्रेन या संस्थेने, जिचे कामच असे प्रयोग गोळा करून तोलण्याचे आहे, न जुळणाऱ्या हाडांवरचे चार चांगले प्रयोग एकत्र केले. सगळे मिळून रोगी अवघे एकशे पंचवीस. निकाल असा, की उपयोग असू शकेल, पण खात्रीने सांगण्याइतका पुरावा नाही. अमेरिकेत मान्यता मिळून बत्तीस वर्षे झाल्यावरचा हा निकाल आहे.

आणि गुडघा? कारण हाड मोडलेले लोक थोडे, गुडघा धरलेले पुष्कळ. त्याच संस्थेने २०१३ साली झिजलेल्या सांध्यांवरचे नऊ प्रयोग तपासले, एकंदर सहाशे छत्तीस रोगी. दुखण्याला शंभरपैकी गुण द्यायचे ठरवले, तर मुक्या यंत्रापेक्षा चालू यंत्राने सरासरी पंधरा गुणांनी दुखणे जास्त कमी झाले. हे अगदीच काही नाही असे म्हणता येणार नाही. परंतु चालणे-उठणे, रोजचे जिणे यांत स्पष्ट सुधारणा दिसली नाही. म्हणजे दुखणे थोडे बोथट होते, गुडघा नवा होत नाही. झिजलेली कूर्चा परत भरून येते असे कोणी सांगत असेल तर त्याने ते कोठून आणले, हे त्यालाच विचारावे. गुडघ्याला आधार देणाऱ्या मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा फुकटचा उपाय आहे, आणि त्याची साक्ष या यंत्राहून भक्कम आहे. तो शिकवणारे लोकही आता जवळ आहेत. पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले तेव्हा आपल्या भागाला तो शब्दही ठाऊक नव्हता. आज कऱ्हाडातच त्या विषयाचे महाविद्यालय आहे.

एक खबरदारीची गोष्ट सांगून पुढे जातो. ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके सांभाळणारे यंत्र, म्हणजे पेसमेकर, बसवलेले आहे त्यांनी असल्या वेटोळ्याजवळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गरोदर स्त्रियांनीही जाऊ नये. आणि रात्री झोपेतून उठवणारे, तापाबरोबर येणारे किंवा पायातली ताकद घालवणारे दुखणे असेल, तर पट्टा घेण्याआधी तपासणी. दुखणे बोथट करून आतला रोग झाकून ठेवणे हा तोट्याचा सौदा आहे.

आता राहिल्या चुंबकाच्या गाद्या. विसाव्या शतकाच्या शेवटी आपल्या देशात त्या साखळी पद्धतीने विकल्या गेल्या. एकाने घ्यायची, आणखी चौघांच्या गळ्यात घालायची. पगारदार माणसांनी, त्यांत आमचे शिक्षकबंधूही आले, कर्ज काढून त्या घेतल्या. चुंबकाचे कडे, चुंबकाचा पट्टा, चुंबकावर ठेवलेले पाणी हे त्याच कुळातले. विकणारे पुष्कळदा बॅसेट यांच्या प्रयोगांचा दाखला देतात, आणि नेमकी तेथेच हातचलाखी आहे. बॅसेट यांचे वेटोळे सेकंदाला अनेक ठोके देते. त्याचे क्षेत्र बदलते. गादीतला चुंबक रात्रभर निपचित पडून असतो, आणि त्यावर आपणही. क्षेत्रात बदल नाही, म्हणून आत प्रवाह नाही. रक्तात लोह आहे म्हणून चुंबक रक्त ओढतो, असेही सांगतात. रक्तातले लोह खिळ्यातल्या लोखंडासारखे नसते, चुंबक त्याला ओढत नाही. ओढत असता, तर सुश्रुताने बाणाच्या टोकाला चुंबक लावल्याबरोबर रोगी रक्तबंबाळ झाला असता.

शिक्षकबंधूंनो, हे मुलांना तोंडाने सांगण्याऐवजी दाखवता येते. गावात मोडक्या रेडिओचा कर्णा मिळतो. त्याच्या पाठीमागचा चुंबक काढून घ्या. शाळेच्या पेटीतली चुंबकाची कांडी असेल तर उत्तमच. पुठ्ठ्याच्या नळीवर बारीक तांब्याच्या, लाखेचा मुलामा असलेल्या तारेचे दीडशे-दोनशे वेढे घ्या. जळालेल्या मोटरीची तार गुंडाळणाऱ्याकडे ती सुटी मिळते. त्याच तारेचे दोन लांब पदर काढून दुसऱ्या टोकाला एका होकायंत्राभोवती पन्नास वेढे द्या. टोकांवरचा मुलामा सँडपेपरने खरवडून ती एकमेकांना घट्ट पिळा. होकायंत्रावरचे वेढे सुईला समांतर, म्हणजे उत्तर-दक्षिण ठेवा. मग एका मुलाला होकायंत्रावर डोळे लावून बसवा, दुसऱ्याला नळीत चुंबक झटकन घालायला सांगा. सुई हलकेच झटका खाईल. चुंबक आत तसाच राहू द्या आणि मुलांना हवा तितका वेळ वाट पाहू द्या. सुई परत उत्तरेला येऊन स्वस्थ बसेल. बाहेर ओढला की उलट झटका. होकायंत्र मात्र चुंबकापासून निदान चार-पाच हात लांब हवे, नाही तर चुंबकच सुईला थेट ओढील आणि प्रयोग फसेल.